खानदेशातल्या कॉलेजात नॅक: प्राध्यापकांनी काय धरायचं, कुठे बोलायचं

नॅक, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करून श्रेणी देणाऱ्या राष्ट्रीय परिषदेची तपासणी, जवळ आली की बहुतेक कॉलेजांत तेच घडतं. सात निकष सात जणांच्या गळ्यात पडतात, समन्वयक रात्री अकरापर्यंत लॅपटॉपसमोर बसतात आणि बाकीचा स्टाफ 'आमच्याकडून काय डाटा पाहिजे तेवढं सांगा' म्हणून मोकळा होतो. मग पाच वर्षांपूर्वीच्या कार्यक्रमाचे फोटो शोधायला जुने मोबाईल उघडले जातात. यातून ग्रेड कधी चांगली येते, कधी हुकते. पण शिकवण्यात काही बदलत नाही. मूल्यांकनाची पद्धत बदलावी असं वाटणाऱ्या प्राध्यापकाने आधी आपल्या कॉलेजातली ही सवय मोडायला हवी. पद्धत चुकते कुठे, हे वर्गात उभा राहणाराच पुराव्यानिशी सांगू शकतो, आणि तो पुरावा रोजच्या नोंदीतूनच तयार होतो.

पुढची माहिती जळगाव, धुळे, नंदुरबार जिल्ह्यांतल्या, कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाशी संलग्न असलेल्या कला, वाणिज्य, विज्ञान महाविद्यालयांतल्या शिक्षकांसाठी आहे.

आधी बसायची जागा मिळवा

प्राध्यापकाला बोलायला नियमाने दोन खुर्च्या दिलेल्या आहेत, आणि दोन्ही बऱ्याचदा नुसत्या सहीपुरत्या उरतात.

पहिली आयक्यूएसीतली, म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षातली. प्राचार्य अध्यक्ष, तीन ते आठ शिक्षक, व्यवस्थापनाचा प्रतिनिधी, कार्यालयातले वरिष्ठ, स्थानिक समाज, विद्यार्थी, माजी विद्यार्थी, उद्योग यांचे प्रतिनिधी आणि एक ज्येष्ठ शिक्षक समन्वयक, अशी तिची रचना. दर तिमाहीला किमान एक बैठक आणि दोन तृतीयांश गणपूर्ती हा नियम आहे. नेमलेल्या सदस्यांची मुदत दोन वर्षांची असते. मुदत संपून तीच नावं पुढे चालू असतील तर स्टाफ मीटिंगमध्ये लेखी विचारा. शिक्षकांच्या जागा भरताना एक तरी नवा सहायक प्राध्यापक आणि एक तरी प्रयोगशाळेच्या विषयाचा माणूस असू द्या. भाषा-इतिहासवाल्यांनाच लिखाण जमतं म्हणून सगळं त्यांच्यावर टाकलं, की प्रयोगशाळेचा खर्च, उपकरणं, प्रात्यक्षिकांच्या बॅचेस यांची माहिती कच्ची राहते.

दुसरी खुर्ची महाविद्यालय विकास समितीतली. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ च्या कलम ९७ प्रमाणे पूर्णवेळ शिक्षकांनी आपल्यातून निवडून दिलेले तीन शिक्षक तिथे असतात, त्यांत किमान एक महिला. आयक्यूएसीचा समन्वयकही त्या समितीत असतो. वर्षात चार बैठका व्हायलाच हव्यात. पैशाचा प्रश्न इथेच सुटतो. आयक्यूएसीने 'ग्रंथालयात इंटरनेट वाढवा' असा ठराव केला आणि तो विकास समितीच्या विषयपत्रिकेवर गेलाच नाही, तर तो कागदावरच राहतो. म्हणून प्रत्येक ठरावाखाली तीन रकाने ठेवा: कोण करणार, किती रुपये, कोणत्या तारखेपर्यंत. पुढच्या बैठकीचा पहिला विषय म्हणजे मागच्या रकान्यांचं काय झालं. कृती अहवाल म्हणतात तो हाच. पीअर टीम, म्हणजे नॅकने नेमलेलं तपासणी पथक, इतिवृत्त चाळते तेव्हा ठरावाच्या पुढे काय घडलं हेच शोधते.

वजन कुठे आहे ते बघून वेळ द्या

२०१७ पासून लागू झालेल्या सुधारित आराखड्यात संलग्न महाविद्यालयाला एकूण १००० भारांक आहेत. त्यांतले ३५० एकट्या दुसऱ्या निकषाला, म्हणजे अध्ययन, अध्यापन आणि मूल्यमापनाला. पायाभूत सुविधांना १००. प्रत्यक्षात मात्र इमारतीच्या रंगावर आणि फलकांवर महिने जातात आणि साडेतीनशे भारांकांचं काम शेवटच्या पंधरवड्यात उरकलं जातं. हे उलटं करणं प्राध्यापकांच्या हातात आहे, त्यासाठी संस्थाचालकांकडे एक रुपया मागावा लागत नाही.

दुसऱ्या निकषात सर्वांत जास्त गोंधळ कोर्स आउटकमच्या, म्हणजे पेपर शिकून विद्यार्थ्याला काय यायला हवं त्याच्या, साध्यतेत होतो. एक उदाहरण पूर्ण करून बघू. समजा द्वितीय वर्षाच्या एका पेपरला ७२ विद्यार्थी आहेत. विभागाने ठरवलं की ५० टक्के गुण मिळवणारा विद्यार्थी 'लक्ष्यापर्यंत पोचला' असं धरायचं. पातळ्या अशा: ७० टक्के किंवा जास्त विद्यार्थी पोचले तर ३, ६० टक्के पोचले तर २, ५० टक्के पोचले तर १. विद्यापीठ परीक्षेत ४७ जण पोचले. ४७ भागिले ७२ म्हणजे ६५.३ टक्के, पातळी २. अंतर्गत परीक्षेत ५८ जण पोचले, ८०.६ टक्के, पातळी ३. विद्यापीठ परीक्षेला ८० टक्के आणि अंतर्गतला २० टक्के वजन दिलं तर २ गुणिले ०.८ अधिक ३ गुणिले ०.२, म्हणजे २.२.

इथपर्यंत सगळे येतात, आणि इथेच थांबतात. खरं काम पुढे आहे. अंतर्गतमध्ये ५८ आणि विद्यापीठात ४७, हे ११ जण कुठे गळले? अंतर्गत प्रश्नपत्रिकेत कोणत्या आउटकमवर किती गुणांचे प्रश्न होते, हे प्रत्येक प्रश्नासमोर बारीक अक्षरात लिहिलेलं असेल तर उत्तर दहा मिनिटांत सापडतं. बहुतेकदा असं दिसतं की अंतर्गत चाचणीतले प्रश्न व्याख्या आणि टिपांचे होते, विद्यापीठाने उपयोजनाचे विचारले. मग पुढच्या सत्रात दोन तास गणितं किंवा प्रकरण-अभ्यासावर वाढवायचे आणि तेवढी एक ओळ विभागाच्या वहीत लिहायची. अशी ओळ चाळीस पानी रंगीत तक्त्यापेक्षा मोलाची आहे.

आणखी एक: लक्ष्य मुद्दाम खाली ठेवून सगळीकडे ३ आणू नका. सगळ्या विषयांत, सगळ्या वर्षी ३ असलेला तक्ता बघताच तपासणाऱ्याला शंका येते, आणि ती रास्त असते.

आउटकम मुळातच अभ्यासक्रमात ढोबळ लिहिलेले असतील तर ती तक्रार कॉलेजात करून उपयोग नाही. ती विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाकडे न्यायची असते. आपल्या विषयाच्या मंडळावर जळगावला कोण बसतं हे माहीत करून घ्या आणि 'पेपरचं नाव, युनिट, आत्ताचं वाक्य, सुचवलेलं वाक्य' अशा चार रकान्यांत एका पानावर सूचना द्या.

आपल्याकडचे पेच

खानदेशात काही अडचणी अशा आहेत की नॅकच्या बंगळुरूच्या कार्यालयात बसून त्या दिसणार नाहीत. त्या नोंदवल्या नाहीत तर कॉलेजचा दोष म्हणून दिसतात.

पहिली हजेरी. ऑक्टोबर ते डिसेंबर कापूस वेचणी असते आणि दिवाळीनंतर नंदुरबार-धुळ्याच्या आदिवासी भागातली कुटुंबं ऊसतोडीला बाहेर पडतात, बरीचशी गुजरातकडे. मागे राहिलेल्या मुलीवर घर आणि धाकटी भावंडं येतात. हजेरीपटात मात्र नुसती फुली दिसते. उपाय साधा आहे: मस्टरच्या उजव्या समासात एक अरुंद रकाना आखा आणि सलग सहा तासांपेक्षा जास्त गैरहजर असणाऱ्यासमोर कारणाचं एक अक्षर लिहा. वेचणीला 'वे', स्थलांतराला 'स्थ', आजाराला 'आ', एसटीची फेरी बंद असेल तर 'ए'. जानेवारीत बेरीज केली की कोणत्या वर्गाला कोणत्या आठवड्यात उजळणीचे तास लावायचे ते कळतं. विद्यार्थ्यांच्या वैविध्याचा विचार कॉलेज कसा करतं, या प्रश्नाचं उत्तर हाच रकाना देतो. सातव्या निकषातली 'उत्तम प्रथा' लिहायलाही तो पुरतो: उद्देश, संदर्भ, प्रत्यक्ष काम, यशाचा पुरावा, आलेल्या अडचणी, सगळं त्यात आहे. वृक्षारोपण आणि स्वच्छता मोहीम ही प्रथा म्हणून शेकडो कॉलेजं लिहितात. स्थलांतरितांच्या मुलांसाठी जानेवारीत पुन्हा लावलेला वर्ग आपणच लिहू शकतो.

दुसरा पेच ई-मेलचा, आणि यात कॉलेजं हमखास सापडतात. विद्यार्थी समाधान सर्वेक्षणाची प्रश्नावली नॅककडून विद्यार्थ्याच्या मेलवर थेट येते. कॉलेजांसाठी विद्यार्थीसंख्येच्या १० टक्के किंवा १००, यांपैकी जे कमी तेवढे प्रतिसाद लागतात. ८४० विद्यार्थी असतील तर ८४. तेवढे आले नाहीत तर ते मोजमापच धरलं जात नाही. आता प्रवेश अर्जावरचे मेल बघा. कित्येक मेल ई-सेवा केंद्रवाल्याने स्वतःच्या फोनवर उघडलेले असतात, पासवर्ड त्याच्याकडेच असतो. कधी एकच मेल पंधरा अर्जांवर दिसतो. म्हणून जुलैत प्रत्येक वर्गशिक्षकाने एका तासातली दहा मिनिटं यासाठी काढावीत. वर्गातूनच सगळ्यांना एक चाचणी मेल पाठवायचा, विद्यार्थ्याने समोर बसून एका ओळीचं उत्तर द्यायचं. ज्यांचं उत्तर येत नाही त्यांचा मेल तिथेच नवा उघडून, पासवर्ड त्यांच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घ्यायला सांगायचा. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरातल्या मुलांना सुटीत रेंज मिळत नाही, त्यामुळे सर्वेक्षण चालू असताना कॉलेजच्या संगणक कक्षात त्यांना वेळ राखून ठेवा. मुलांनी काय भरायचं ते मात्र कोणीही सांगू नये. शेजारी उभं राहून 'पूर्ण सहमत दाबा' म्हणणारे शिक्षक या सर्वेक्षणाचा जीवच घालवतात.

तिसरा पेच कागदांच्या भाषेचा. ग्रामपंचायतीचं आभारपत्र, राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या शिबिराचा ठराव, वर्तमानपत्राचं कात्रण हे सगळं मराठीत असतं. मूळ कागदाबरोबर इंग्रजी भाषांतर जोडून प्राचार्यांची सही-शिक्का लागतो. हे शेवटी करायला घेतलं तर दीड-दोनशे पत्रांचं भाषांतर चार दिवसांत करावं लागतं आणि मग तारखा चुकतात. पत्र आलं त्याच आठवड्यात पाच ओळींचं भाषांतर करून पाठीमागे जोडा.

चौथा, तासिका तत्त्वावरच्या, म्हणजे तासागणिक मानधनावरच्या (सीएचबी) शिक्षकांचा. हा दुखरा विषय आहे. आपल्याकडे अनेक विभाग सीएचबीच्या सर-मॅडमांवर चालतात. नॅकच्या व्याख्येत पूर्णवेळ शिक्षक म्हणजे संपूर्ण शैक्षणिक वर्षात पूर्णवेळ कार्यभाराच्या किमान ९० टक्के काम करणारा. सीएचबीचे शिक्षक त्यात बसत नाहीत. त्यांना पूर्णवेळ दाखवून विद्यार्थी-शिक्षक गुणोत्तर सुधारलं, तर पडताळणीत नेमणूक आदेश आणि पगारपत्रक मागितलं जातं आणि आकडा कापला जातो. त्याबरोबर बाकीच्या आकड्यांवरचा विश्वासही जातो. मंजूर पदं किती, भरलेली किती, रिक्त किती आणि रिक्त पदासाठी संस्थेने केलेला पत्रव्यवहार, हे खरं तसं मांडा. सीएचबी सहकाऱ्यांचं काम विभागाच्या अहवालात त्यांच्या नावानिशी लिहा. वर्षानुवर्षं शिकवणाऱ्या माणसाचं नाव कुठल्याच कागदावर नसणं हा अन्याय आहे, आणि तो निदान आपल्या पातळीवर तरी होऊ देऊ नये.

पडताळणीत कापले जाणारे आकडे

कॉलेजने नॅकला दिलेल्या स्वयं-अध्ययन अहवालातल्या संख्यात्मक माहितीची पडताळणी होते तेव्हा खुलाशासाठी साधारण १५ दिवस मिळतात. त्या काळात नवा पुरावा तयार होत नाही, असलेला शोधायचा असतो. नेहमी उडणाऱ्या गोष्टी ठरलेल्या आहेत. पुस्तकातलं प्रकरण दाखवलं पण मुखपृष्ठ, अनुक्रमणिका आणि आयएसबीएनचं पान जोडलेलं नाही. एकच रॅली विस्तारकार्यातही मोजली आणि लिंगभाव संवेदनशीलतेतही. सामंजस्य करार आहे, पण त्याखाली वर्षभरात एकही कार्यक्रम नाही. खर्चाचा आकडा लेखापरीक्षित पत्रकात सापडत नाही, कारण तिथे तो दुसऱ्याच शीर्षाखाली गेलेला आहे. फोटो आहे, त्यावर ठिकाण आणि तारीख नाही.

सर्वांत महागात पडतो तो विद्यार्थीसंख्येचा घोळ. एआयएसएचई या केंद्राच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणाला एक आकडा, विद्यापीठाच्या पात्रता यादीत दुसरा, शिष्यवृत्तीच्या नोंदीत तिसरा. दरवर्षी एकच तारीख ठरवून, त्या दिवसाची वर्गनिहाय, प्रवर्गनिहाय, मुलगे-मुली अशी यादी कार्यालय अधीक्षक आणि आयक्यूएसी समन्वयक या दोघांच्या सहीने गोठवा. पुढे कुणीही कुठेही आकडा भरला तरी त्या कागदावरूनच.

पद्धत बदलते आहे, तेव्हा लिहून कळवा

केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२२ मध्ये इस्रोचे माजी अध्यक्ष डॉ. के. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा मसुदा मे २०२३ मध्ये सूचनांसाठी खुला झाला आणि जानेवारी २०२४ मध्ये नॅकने नव्या पद्धतीची घोषणा केली: ए++ पासून खाली उतरणाऱ्या श्रेणींऐवजी आधी 'प्रत्यायित आहे की नाही' एवढाच निर्णय, आणि पुढे ज्यांना हवं त्यांच्यासाठी एक ते पाच परिपक्वता पातळ्या. संस्थांची माहिती एकाच राष्ट्रीय पोर्टलवर भरायची आणि निरनिराळ्या ठिकाणचे आकडे एकमेकांशी ताडून बघायचे, हाही त्यातला भाग आहे. वर सांगितलेल्या गोठवलेल्या यादीची गरज म्हणूनच आणखी वाढणार. फेब्रुवारी २०२५ मध्ये लाच प्रकरणात सीबीआयने एका पीअर टीमच्या लोकांना अटक केल्यावर बदलाची निकड सगळ्यांनाच पटली.

अशा वेळी शिक्षकांच्या लेखी म्हणण्याने काय होऊ शकतं, याचं उदाहरण कॅलिफोर्नियात आहे. सिटी कॉलेज ऑफ सॅन फ्रान्सिस्को या मोठ्या कम्युनिटी कॉलेजची मान्यता धोक्यात आली तेव्हा शिक्षक संघटनेने एप्रिल २०१३ मध्ये मान्यता देणाऱ्या आयोगाविरुद्ध केंद्रीय शिक्षण खात्याकडे शेकडो पानांची तक्रार केली. ऑगस्ट २०१३ मध्ये खात्याने आयोगाच्या कामातल्या त्रुटी दाखवल्या. तपासणी पथकांत शिकवणाऱ्या प्राध्यापकांचं प्रमाण अपुरं होतं, ही त्यांतली एक. कॉलेजला जानेवारी २०१७ मध्ये सात वर्षांसाठी पूर्ण मान्यता मिळाली. तक्रार टिकली ती नियम, तारीख आणि कागद यांच्या जोरावर.

आपण सूचना पाठवताना 'ग्रामीण भागाचा विचार व्हावा' असं लिहू नये. त्यावर कुणी काही करू शकत नाही. एका सूचनेत एकच मोजमाप घ्या. ते आज काय मोजतं, आपल्याकडे त्याने काय निसटतं, त्याचा आकडा, त्याचा पुरावा आणि सुचवलेले शब्द, एवढं एका पानात बसवा.

पाचव्या निकषातलं नोकरी आणि उच्च शिक्षणाचं मोजमाप घेऊ. समजा शेवटच्या वर्षाचे ९६ विद्यार्थी आहेत. ११ नोकरीत, ३४ पुढच्या शिक्षणात, २९ घरच्या शेतीत किंवा धंद्यात, १३ पोलीस भरतीच्या तयारीत, ९ मुलींची लग्नं होऊन त्या परगावी गेलेल्या. मोजमापात येतात ते ४५, म्हणजे ४६.९ टक्के. पण त्या २९ पैकी सहा जणांनी केळीच्या वेफर्सचा, दुधाचा किंवा ठिबकच्या दुरुस्तीचा धंदा नोंदवलेला आहे, त्यांच्याकडे उद्यम नोंदणीचं, म्हणजे लघुउद्योगाच्या सरकारी नोंदणीचं, प्रमाणपत्र आहे. ते धरले तर ५१, म्हणजे ५३.१ टक्के. मग सूचना अशी: 'पदवीनंतर एका वर्षात उद्यम नोंदणी असलेला स्वतःचा व्यवसाय सुरू करणारा विद्यार्थी रोजगारप्राप्त धरावा; पुरावा म्हणून नोंदणी प्रमाणपत्र आणि पदवीचं गुणपत्रक जोडावं.' ही सूचना तपासता येते, म्हणून वाचणाऱ्याला ती बाजूला टाकणं जड जातं. उरलेल्या २३ शेतकऱ्यांचं काय, हा प्रश्न खरा आहे. त्यासाठी वेगळी सूचना लिहा, याच पानात कोंबू नका.

ही माहिती मिळवायची तर निरोप समारंभाच्या दिवशी प्रत्येकाकडून दोन फोन नंबर घ्या: एक स्वतःचा, दुसरा घरातल्या अशा माणसाचा ज्याचा नंबर बदलत नाही. मुलींच्या बाबतीत दुसरा नंबर आईचा किंवा भावाचा ठेवलात तर लग्नानंतरही संपर्क राहतो. विभागातल्या प्रत्येक शिक्षकाकडे बारा-पंधरा नावं, वर्षातून एक फोन, मार्चमध्ये. शिपायाकडून किंवा कंत्राटी माणसाकडून फोन करवले तर मुलं 'चालू आहे काहीतरी' एवढंच सांगतात. सरांचा फोन आला की सगळं सांगतात.

सूचना आधी आयक्यूएसीच्या बैठकीत ठेवून ठराव करून घ्या आणि प्राचार्यांच्या सहीने नॅककडे पाठवा. विद्यापीठाच्या अंतर्गत गुणवत्ता विभागालाही प्रत द्या. शेजारच्या चार-पाच कॉलेजांनी, शहाद्याच्या, तळोद्याच्या, शिरपूरच्या, आपापल्या आकड्यांसह तोच मुद्दा वेगवेगळ्या पत्रांनी मांडला तर त्याचं वजन वाढतं. एकच मजकूर झेरॉक्स करून सह्या घेतल्या तर पाच पत्रांचं एकच पत्र धरलं जातं. जावक क्रमांक टाका, मेलची पोच छापून फाईलला लावा, आणि पुढच्या तिमाहीच्या विषयपत्रिकेवर 'पाठवलेल्या सूचनेचं काय झालं' हा विषय आजच लिहून ठेवा.